दाता हयात नाही

धर्मादाय कार्यालयात दाखल होणाऱ्या कागदांवर नावं पुष्कळ असतात. अर्जदार, गैरअर्जदार, आजी विश्वस्त, माजी विश्वस्त, त्यांचे वकील, साक्षीदार, पंच. दोघांची नावं मात्र क्वचितच दिसतात. ज्यानं मुळात दिलं तो एक, आणि ज्याला ते मिळायचं होतं तो दुसरा. पहिला बहुधा कधीचाच वारलेला असतो. दुसऱ्याला तर आपल्यासाठी कुणी काही ठेवून गेलंय याचा पत्ताही नसतो. भांडण चालू असतं ते मधल्या माणसांचं. मी या खात्यात निरीक्षक म्हणून नोकरी केली आणि मनाशी एक गोष्ट धरून राहिले. चौकशीला निघालेल्या माणसानं या दोन गैरहजर माणसांची बाजू आधी शोधायची, हजर असलेल्यांची नंतर.

निरीक्षक आलेत असं कळलं की गावात लोक आधी मागं पोलीस आहे का ते बघतात. आमच्यामागं कुणी नसतं. एसटीतून उतरायचं आणि विचारत विचारत देऊळ, शाळा नाहीतर दवाखाना गाठायचा. पिशवीत आदेशाची प्रत, संस्थेच्या नोंदीचा म्हणजे शेड्यूल वनचा उतारा, कोरे कागद, अंगठ्यासाठी शाईचं पॅड आणि मोजपट्टी. ही चौकशी दिवाणी. तिच्यात कुणाला अटक करता येत नाही की दरडावून काही वदवून घेता येत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ३७ संस्थेच्या मिळकतीत जाऊन पाहण्याचा आणि कागद मागण्याचा अधिकार देतं. पण त्याच कलमात एक अटही घातलेली आहे. विश्वस्तांना वाजवी सूचना द्यायची आणि तिथल्या धार्मिक रीतिरिवाजांचा मान राखायचा. सगळ्या कायद्यात मला ही अट फार आवडते. ज्याला आत शिरायचा अधिकार दिला, त्यालाच उंबऱ्याशी थांबून चपला काढायला ती सांगते. मी प्रत्येक ठिकाणी आधी विचारून आत गेले. विचारलं की माणसं मोकळी होतात, हा माझा अनुभव आहे. ज्या कपाटाची किल्ली सापडत नाही असं कालपर्यंत सांगितलं जात होतं, त्या कपाटाची किल्ली विचारल्यावर सापडते.

हा कायदा १९५०चा. मुंबई राज्यात झाला, पुढं महाराष्ट्राच्या नावानं चालू राहिला. त्याच्या व्याख्येत देऊळ, मठ, चर्च, सिनेगॉग, अग्यारी आहेत आणि १८६०च्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्थाही आहेत. त्यामुळं खंडोबाचं देवस्थान, तालीम, सार्वजनिक वाचनालय, शिक्षणसंस्था, अनाथाश्रम आणि मोठं रुग्णालय या सगळ्यांची दप्तरं अभिलेख कक्षात एकमेकांना टेकून उभी असतात. व्यापारी गिऱ्हाइकाकडून बिलात धर्मादाय म्हणून जी रक्कम घेत, तीही कायद्यानं व्यापाऱ्याची मानलेली नाही. ती त्याच्याकडं विश्वस्त म्हणून असते आणि तिचा हिशेब त्याला द्यावा लागतो. पंढरपूरसाठी १९७३चा, सिद्धिविनायकासाठी १९८०चा आणि शिर्डीसाठी २००४चा स्वतंत्र कायदा आहे. त्या मोठ्या देवस्थानांवर सगळ्यांची नजर असते. आमच्या वाट्याला येतात ती ज्यांच्याकडं कुणी बघत नाही अशी लहान ठिकाणं. माझ्या मते या खात्याचं खरं काम तिथंच आहे.

एका तीर्थक्षेत्रातली धर्मशाळा मला नेहमी आठवते. विश्वस्तांनी कलम ३६ खाली अर्ज केला होता. इमारत मोडकळीला आलेली, नगरपालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस भिंतीवर चिकटवलेली, निधी नाही, म्हणून जागा विकायची परवानगी द्यावी. सार्वजनिक विश्वस्त संस्थेची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, बदलूनही घेता येत नाही. अर्जाला गावातल्याच एकानं हरकत घेतली होती. भाव कमी धरलाय, एवढंच त्याचं म्हणणं. दोन्ही बाजूंचे कागद मी बसमध्ये वाचत गेले. पानंच्या पानं चौरस फुटाच्या दरावर खर्ची पडली होती. यात्रेकरू हा शब्द विश्वस्तांच्या अर्जात नव्हता आणि हरकतीतही नव्हता.

अध्यक्ष भला माणूस होता. तो लबाड असता तर काम सोपं झालं असतं. त्यानं मला प्रत्येक खोली दाखवली, कुजलेल्या तुळया दाखवल्या, पावसाळ्यात कुठं बादल्या ठेवतो तेही दाखवलं. “मॅडम, एक दिवस कुणाच्या अंगावर पडलं म्हणजे?” असं तो म्हणाला तेव्हा त्याच्या आवाजात खरी काळजी होती. दर्शनी भिंतीवर कुठल्याशा निवडणुकीचा जुना फ्लेक्स ठोकलेला होता आणि त्याच्या कडेनं दगडाचा घडीव काठ दिसत होता. मी विचारलं, मागं काय आहे? त्याला माहीत नव्हतं. त्याचे वडीलही इथं विश्वस्त होते, तरी त्याला माहीत नव्हतं. फ्लेक्स काढायला आम्ही शेजारच्या दुकानातून शिडी आणली.

मागं संगमरवरी पाटी होती. एका बाईनं, नवरा वारल्यावर, आपल्या स्त्रीधनातून ही वास्तू बांधून दिल्याचा मजकूर तिच्यावर कोरलेला होता. यात्रेकरूला तीन रात्री मुक्काम विनामूल्य, कुठल्याही जातीच्या माणसाला मज्जाव करू नये, आडातलं पाणी सर्वांना द्यावं. ज्या काळात तिनं हे कोरून घेतलं, त्या काळात असं लिहिण्याला छाती लागत असणार. पाटीवर तिचं स्वतःचं नाव नव्हतं. अमक्याची पत्नी एवढाच उल्लेख होता. अध्यक्षानं ते मोठ्यानं वाचलं. वाचताना मध्येच थांबला, घसा साफ केला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

मग आम्ही उतरणाऱ्यांच्या नोंदीच्या जुन्या वह्या शोधल्या. वाळवीनं कडा खाल्लेल्या होत्या, पण आतलं बरंचसं शाबूत होतं. नाव, गाव, सोबत किती माणसं, काय काम. मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना बोलावलं आणि त्यांच्या मदतीनं काही पानं लावली. बीडकडची माणसं, खानदेशातली, कानडी मुलखातली. कुणी बाळाचं जावळ काढायला आलं होतं, कुणी अस्थी घेऊन. शेवटच्या वहीतली नोंद संपते तिथून पुढं नुसत्या कोऱ्या रेघा. त्या संध्याकाळी बाहेर आले तर धर्मशाळेच्याच ओट्यावर काही वारकरी बायका पडशी उशाला घेऊन टेकल्या होत्या. आतल्या खोल्यांना कुलपं होती.

मी अहवालात इमारतीची अवस्था जशी होती तशी लिहिली. तुळया कुजल्या आहेत, हे विश्वस्तांचं म्हणणं खरं होतं. पाटीवरचा मजकूर अक्षरशः उतरवून घेतला, फोटो जोडले. वह्यांचा तपशील दिला. ओट्यावरच्या बायकांचे जबाब घेतले, त्यांच्या अंगठ्यांसह. विकायला परवानगी द्यावी की न द्यावी, हे सांगणं माझ्याकडं नव्हतं. निरीक्षक निकाल देत नाही. पण निकाल देणाऱ्यासमोर दात्या बाईची तीन वाक्यं आणि ओट्यावरच्या बायकांचं म्हणणं पोचलं. पुढं विश्वस्तांनी स्वतःच अर्ज मागं घेतला. रस्त्याकडच्या दोन खोल्या भाड्यानं देऊन त्यातून छप्पर करायचं ठरवलं. इमारतीचा भाडेपट्टा तीन वर्षांपर्यंतचा असेल तर पूर्वपरवानगी लागत नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. विक्रीचा सल्ला देणारे खूप होते, एवढी साधी तरतूद सांगणारं कुणी नव्हतं.

दान देणाऱ्याला आपल्या मागं काय होईल याची धास्ती पूर्वीपासून होती. कोकणात आणि घाटावर गावाच्या वेशीला, शेताच्या बांधाला गधेगळ नावाचे कोरीव दगड उभे दिसतात. वर सूर्य आणि चंद्र, मध्ये लेख, खाली गाढवाचं शिल्प. हे दान चंद्रसूर्य असेतोवर चालावं आणि जो मोडील त्याला हा शाप, असा त्याचा अर्थ. अलिबागजवळच्या आक्षीचा प्रसिद्ध शिलालेख, ज्याचा काळ शके ९३४ म्हणजे इसवी सन १०१२ असा सांगतात, तोही देवीसाठी दिलेल्या धान्याचाच आहे. त्या काळी दात्याच्या हाती दगड आणि शाप एवढंच होतं. चौकशीला जाताना वेशीवर असा दगड दिसला की मी थांबून पाहत असे. काही ठिकाणी लोकांनी त्याला शेंदूर फासून देव केलाय. काही ठिकाणी तो गोठ्याच्या पायरीला गेलाय.

इंग्रज आले तेव्हा त्यांनी चौकशी केली ती वेगळ्या हेतूनं. १८५२च्या अकराव्या कायद्यानं इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि दख्खनमधल्या इनामांचे पुरावे तपासायला सुरुवात झाली. सरकारचा बुडणारा सारा परत मिळवणं हा त्यांचा उद्देश होता. ज्याला सनद दाखवता आली त्याचं टिकलं, ज्याला नाही त्याचं गेलं. घरोघर भांड्यात आणि उतरंडीत कागद शोधले गेले असतील. त्या कामाचं एक फळ मात्र आजही आम्हाला उपयोगी पडतं. त्या वेळच्या एलिएनेशन रजिस्टरात देवस्थानच्या जमिनी तिसऱ्या वर्गात नोंदल्या गेल्या आणि ‘इनाम वर्ग ३’ हे शब्द गावदप्तरी आले. पुण्याच्या पुरालेखागारात, ज्याला जुनी माणसं अजून पेशवे दफ्तर म्हणतात, मी अशा नोंदींच्या नकलांसाठी गेलेली आहे. तिथल्या कागदांच्या रुमालांमध्ये बसलं की अनेक गावांचे देव आपापल्या दिवाबत्तीची सोय सांगत असतात.

कायद्याच्या नजरेत देव ही व्यक्ती आहे. तो मालमत्ता धारण करू शकतो, दावा लावू शकतो. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलनं मल्लिक घराण्याच्या खटल्यात मूर्तीचं हे व्यक्तित्व स्पष्टपणे मान्य केलं. पण त्याला बोलता येत नाही म्हणून न्यायालयं त्याला कायमचा अज्ञान मानतात, म्हणजे ज्याच्या वतीनं पालकानं वागायचं असं मूल. शतकानुशतकं उभा असलेला काळ्या पाषाणाचा भैरोबा कायद्यानं सज्ञान होत नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला गलबलून आलं होतं. आपण ज्याच्याकडं राखण मागतो त्याची राखण करायची जबाबदारी कायद्यानं माणसांवर टाकलेली आहे.

अशाच एका भैरोबाच्या जमिनीची तक्रार माझ्याकडं आली. गुरवांनी देवाची जमीन खाल्ली, असा गावकऱ्यांचा आरोप. मी तलाठी कार्यालयात बसून फेरफार उलट्या क्रमानं काढत गेले, जुन्या विहिरीतला गाळ उपसावा तसे एकेक. सातबारा तेव्हा दर दहा वर्षांनी नव्यानं लिहिला जाई. एका पुनर्लेखनापर्यंत कब्जेदार म्हणून देवाचं नाव होतं आणि खाली वहिवाटदार गुरव. पुढच्या पुनर्लेखनात देवाचं नाव इतर हक्कात गेलं. त्याच्या पुढच्यात ते नाहीसं झालं आणि ‘इनाम वर्ग ३’ हा शेराही उतरला नाही. फेरफार कुठलाच नाही, हुकूम कुठलाच नाही. हे कुणी मुद्दाम केलं की लिहिणाऱ्याच्या हातून गळलं, हे कागद सांगत नव्हता, म्हणून मीही सांगितलं नाही. मी एवढंच लिहिलं की या तारखेपर्यंत नोंद आहे, या तारखेला नाही, आणि मधल्या काळात ती कमी करणारा कुठलाही आदेश आढळला नाही.

मग गुरवांच्या घरी गेले. घर म्हणजे देवळाच्या कुसाला टेकलेल्या दोन खोल्या. म्हातारी गुरवीण बाहेर पानांचे द्रोण लावत बसली होती. मी कशासाठी आले ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती म्हणाली, “बाई, जमीन देवाचीच हाय. आमी कवा न्हाई म्हनलं? पर देवाला रोज अंघोळ कोन घालतंय, त्ये बी लिवा.” मी तिथंच कागद काढला आणि तिचा जबाब लिहिला. तिच्या सासऱ्यापासूनची पूजा, दुष्काळात तेल मिळेना तेव्हा करंजाच्या तेलावर लावलेला दिवा, साथीच्या वेळी गाव रानात राहायला गेलं असताना एकट्यानं रोज येऊन केलेली पूजा. जमीन कोरडवाहू होती. पीकपाहणीत ज्वारी आणि पड एवढंच दिसत होतं. त्यावर कुणी श्रीमंत झालेलं नव्हतं.

सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२१मध्ये मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात पुन्हा स्वच्छ शब्दांत सांगितलं की देवस्थानच्या जमिनीचा मालक देव आहे आणि पुजारी हा व्यवस्था बघणारा आहे. कायदा तसाच आहे आणि तो योग्य आहे, असं मला मनापासून वाटतं. कारण मालकी एकदा पुजाऱ्याकडं गेली की ती त्याच्या वारसांकडं जाते, त्यांच्याकडून खरेदीखतानं कुणाकडंही जाते, आणि दिव्याची सोय संपते. पण सेवेचा मोबदला म्हणून दिलेली जमीन काढून घेताना सेवेचं काय करायचं, याचं उत्तरही त्याच कागदात मागितलं पाहिजे. आमच्या कायद्याच्या कलम ५०-अ खाली संस्थेसाठी योजना तयार करता येते. त्या योजनेत जमीन देवाच्या नावावर आणि गुरवाच्या पूजेचा हक्क व मानधन, असं दोन्ही लिहिता येतं. माझ्या अहवालात जमिनीचा इतिहास जेवढ्या पानांचा होता, तेवढ्याच पानांचा म्हातारीचा जबाब होता. गावकऱ्यांना ते रुचलं नाही. पण भैरोबाला जमीन लागते तशी रोजची अंघोळही लागते.

रुग्णालयांची तपासणी हे काम मात्र वेगळ्या तातडीचं. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६च्या आदेशानं धर्मादाय रुग्णालयांसाठी योजना ठरली. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि त्या खर्चासाठी एकूण बिलांच्या दोन टक्के रकमेचा निर्धन रुग्ण निधी. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेखालचं रेशनकार्ड असलेल्या माणसाकडून अनामत मागायची नाही. वाचायला हे अगदी सरळ आहे. प्रत्यक्षात प्रतीक्षा कक्षात बसलेल्या बापाला ते माहीत नसतं आणि काउंटरवरच्या मुलीला ते सांगायची सक्ती आहे असं वाटत नसतं. मी एकदा तपासणी चालू असतानाच अशा एका बापाशेजारी बसले. त्यानं बैल विकायचं ठरवलं होतं. त्याच्या खिशातल्या पाकिटात पिवळं रेशनकार्ड घडी करून ठेवलेलं होतं, मुलाच्या फोटोबरोबर. मी त्याला उठवून समाजसेवा अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत नेलं. नोंदवहीत त्या दिवशीच्या रिकाम्या खाटा होत्याच.

या रुग्णालयाला कधी काळी कुणी जागा दिली, सवलतीनं दिली, कर माफ झाला, कुणी इमारतीला देणगी दिली. ते सगळं त्या बापासाठी दिलेलं होतं. त्याला भीक मागायचं कारण नव्हतं. त्याची खाट त्याच्याच नावानं राखलेली होती, फक्त त्याला कुणी कळवलं नव्हतं. निरीक्षकानं नुसत्या नोंदवह्या तपासून परत येऊ नये, प्रतीक्षा कक्षात बसून यावं, असं मी नंतरच्या सहकाऱ्यांना नेहमी सांगत आले.

अहवाल लिहिणं हा या कामाचा सर्वांत अवघड भाग. दिवाणी चौकशीत संशयातीत पुरावा लागत नाही. अधिक संभवनीय काय आहे, एवढं पाहायचं असतं. त्यामुळंच लिहिणाऱ्याची जबाबदारी वाढते. एखादं विशेषणसुद्धा कुणाच्या घरावर आघात करू शकतं. ‘विश्वस्तांनी उडवाउडवीची उत्तरे दिली’ असं लिहिण्यापेक्षा काय विचारलं आणि काय उत्तर आलं, हे जसंच्या तसं लिहावं. वाचणाऱ्याला ते कळतं. इतिवृत्ताच्या वहीत पाच वर्षांच्या सगळ्या सभा एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसल्या, तर मी त्या वहीला खोटी म्हणत नसे. सभेच्या तारखेला हजर म्हणून सही केलेला सभासद त्या तारखेआधी वारला होता का, हे ग्रामपंचायतीच्या मृत्युनोंदीत पाहत असे. एकदा तसं निघालं. सूचक म्हणून ज्याचं नाव होतं त्याचं वर्षश्राद्धही होऊन गेलेलं होतं. मृत्युनोंदीची नक्कल मी इतिवृत्ताच्या पानाशेजारी जोडली. एक शब्दही जास्त लिहावा लागला नाही.

चौकशीत खोटं बोलणारी माणसं भेटतात, पण मला त्यांच्यापेक्षा जास्त भेटली ती विसरलेली माणसं. आजोबांनी घेतलेली जबाबदारी बापाकडं मानाची गोष्ट म्हणून आली आणि नातवाकडं मालमत्ता म्हणून. कुणी ठरवून हे केलेलं नसतं. वाचनालयाच्या पुढच्या गाळ्यांचं भाडं कुणी किती दिलं यावर दोन गट अपिलापर्यंत जातात. आयुक्तांपुढं, मग न्यायालयात, मग उच्च न्यायालयात. पाच वर्षांसाठी निवडलेल्या मंडळाच्या नोंदीसाठीचा बदल अर्ज निकाली निघेतो पुढची निवडणूक येऊन ठेपते आणि तिचाही बदल अर्ज हरकतीसह दाखल होतो. एवढ्या काळात नवीन पुस्तक एकही घेतलेलं नसतं. अशा वेळी मी वाचक सभासदांचं रजिस्टर मागत असे. दोन्ही गट एकमेकांकडं बघत. मग कुणीतरी ते शोधायला उठे, आणि वादाचा सूर थोडा खाली येई. वाचनालय कुणासाठी आहे, हे रजिस्टर समोर आल्यावर कुणाला सांगावं लागत नसे.

राज्यसंस्थेनं देवाच्या कारभारात किती हात घालावा, हा प्रश्न मला रास्त वाटतो. १९५४मध्ये रतिलाल पानाचंद गांधी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हा १९५०चा कायदा बहुतांशी वैध ठरवला, पण धार्मिक संस्थेवर खुद्द धर्मादाय आयुक्तालाच विश्वस्त म्हणून बसवण्याची तरतूद अमान्य केली. ती मर्यादा घातली गेली हे चांगलं झालं. हिशेब मागावा, पूजा सांगू नये. माझ्या नोकरीभर मी हीच रेघ पाळली. कुठल्या देवळात कुठला उत्सव कसा करावा यावर मी कधी बोलले नाही. उत्सवाच्या वर्गणीची पावती पुस्तकं मात्र स्थळप्रतींसह मोजून घेतली.

आता वाचणाऱ्यांना एक सांगायचं आहे, कारण हे सांगायला कार्यालयाकडून कुणी तुमच्या दारी येणार नाही. देवळाच्या बाबतीत ‘हितसंबंधी’ कोण, याची व्याख्या कायद्यानं फार मोकळी ठेवली आहे. तिथं नेमानं दर्शनाला जाणारा किंवा वाटल्या जाणाऱ्या प्रसादाचा लाभ घेणारा माणूसही हितसंबंधी आहे. तो विश्वस्त असायला नको, देणगीदार असायला नको, मानकरी असायला नको. तुमच्या गावच्या देवळाची, वाचनालयाची, शाळेची नोंद जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असते. साधा नक्कल अर्ज आणि ठरलेली फी भरून शेड्यूल वनचा उतारा मिळतो. संस्थेच्या नावावर कोणती जमीन, कोणती इमारत, किती दागिने आणि कोण विश्वस्त, हे त्यात लिहिलेलं असतं. तो उतारा एकदा घेऊन वाचा आणि त्यातली मिळकत जागेवर आहे का ते बघून या. तुमच्या घरात जुन्या पेटीत एखादं दानपत्र, बक्षीसपत्र, सनदेची नक्कल असेल, पणजोबांनी अमक्या देवाला, तमक्या शाळेला काही दिल्याचा कागद असेल, तर त्याची प्रत त्या कार्यालयात अर्जासोबत दाखल करा आणि पोच घ्या. देणारा आता येऊन साक्ष देऊ शकत नाही. तो कागद देऊ शकतो.